एक सूत्रधार, पाच पात्रे

संस्कृत नाटकात नांदी संपली की रंगमंचावर जो गृहस्थ येतो त्याला सूत्रधार म्हणतात. सूत्र म्हणजे दोरा, आणि तो धरणारा तो सूत्रधार. हा शब्द बाहुल्यांच्या खेळातून नाटकात आला असे काही विद्वानांचे मत आहे. वर्गात मी ते दरवर्षी सांगतो आणि मुले ते परीक्षेपुरते लिहून घेतात. पण ज्या सूत्रधाराविषयी मी आज लिहिणार आहे, तो ना रंगमंचावर दिसतो ना बाहुल्यांच्या पडद्यामागे. तो आपल्याच घरात, संगणकापुढे बसलेला असतो. त्याच्यासमोरच्या पडद्यावर तीन, चार, कधी पाच चौकोन असतात, प्रत्येक चौकोनात एक योद्धा उभा असतो, आणि या साऱ्यांना चालवणारे हात मात्र दोनच असतात. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ वाचकांच्या घरी असा एखादा सूत्रधार असेल. तो नेमके काय करतो हे विचारावे असे घरच्यांना वाटते, पण विचारावे कसे हे समजत नाही. त्यांच्यासाठी हा लेख.

आमच्या घरचा सूत्रधार म्हणजे माझा भाचा. बहिणीचे घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथून आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे चढू लागतो त्या बाजूला. मुलगा शिक्षणासाठी महाडला आमच्याकडे असतो. सकाळी महाविद्यालय, दुपारी बाजारपेठेतल्या एका संगणकदुरुस्तीच्या दुकानात काम, आणि रात्री हा खेळ. दुकानातल्या मिळकतीतून, काही सुटे भाग जुने तर काही नवे घेऊन, त्याने स्वतःचा संगणक उभा केला आहे. तो माडीवर ठेवलेला असतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी गावात शिरले, तेव्हापासून महाडात किमती वस्तू तळमजल्यावर ठेवायची नाही हा दंडकच पडून गेला आहे.

एकदा बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, पोरगा रात्री एकटाच पाच जणांना हुकूम सोडत असतो, असं वहिनी सांगत होती. बरा आहे ना तो?" तो बरा आहे, एवढे मी तिला सांगितले. पण तो करतो काय, हे सांगण्यासाठी मला आधी ते समजून घ्यावे लागले.

हा खेळ आहे तरी काय?

हजारो माणसांनी एकाच वेळी, एकाच काल्पनिक जगात खेळावयाचे असे खेळ गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहेत. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' आला, १९९९ साली 'एव्हरक्वेस्ट'. आइसलंडमधल्या सीसीपी या कंपनीने २००३ साली अंतराळातील जहाजांचा 'ईव्ह ऑनलाइन' काढला आणि २००४ साली ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. माझा भाचा खेळतो तो हा शेवटचा.

साधारण रीत अशी की एका खेळाडूचे एक खाते आणि त्या खात्यातून एका वेळी एकच पात्र चालवावयाचे. वॉरक्राफ्टच्या जगात भुयारे आहेत आणि त्यांत पाच जणांची टोळी शिरते. एक ढालकरी पुढे उभा राहून शत्रूचे घाव अंगावर घेतो, एक वैद्य साऱ्यांच्या जखमा भरतो, आणि उरलेले तिघे प्रहार करतात. ढालकरी पडला तर टोळी पडते, आणि वैद्याचे लक्ष चुकले तर ढालकरी पडतो. हे पाच जण निरनिराळ्या गावचे, निरनिराळ्या देशांचेही असू शकतात.

आता पाच माणसे एका वेळी जमवणे म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी हौशी नाटकाची तालीम घेतली आहे त्याला सांगावयास नको. एकाची परीक्षा, दुसऱ्याची रात्रपाळी, तिसऱ्याच्या गावी वीज गेलेली. म्हणून काही खेळाडू म्हणतात, पाचही पात्रे मीच चालवतो! पूर्वी याकरिता खरोखरच दोन-तीन संगणक शेजारी शेजारी मांडीत. संगणकाच्या खोक्याला इंग्रजीत बोलीभाषेत 'बॉक्स' म्हणत, त्यावरून या प्रकाराला 'मल्टिबॉक्सिंग' हे नाव पडले. पुढे यंत्रे बलवान झाली आणि एकाच संगणकावर तोच खेळ पाच खिडक्यांत उघडता येऊ लागला. खोकी गेली, नाव राहिले.

कुणी विचारील, हा जुगार तर नव्हे? नव्हे. पैसे लावून पैसे जिंकावयाच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी घातली आहे, पण हा खेळ त्या जातीचा नाही. इथे वर्गणी भरावयाची आणि खेळावयाचे. मात्र खाती पाच तर वर्गण्याही पाच. अमेरिकेत या खेळाची मासिक वर्गणी एका खात्याला सुमारे १५ डॉलर आहे. म्हणजे पाच खात्यांचे महिन्याला ७५ डॉलर झाले. हा हिशेब सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी कागदावर मांडावा. आमच्या घरी तो मांडला तेव्हा पाचांची तीन खाती झाली.

सॉफ्टवेअरच्या चार जाती

संगणकावर कितीही खिडक्या उघड्या असोत, आपण दाबलेली कळ एकाच खिडकीला पोचते. जी खिडकी पुढे असेल तिला. बाकीच्या खिडक्या जिवंत असतात, पण त्यांना ऐकू येत नाही. ही एक अडचण दूर करण्यासाठी सारी सॉफ्टवेअरे निघाली आहेत. त्यांच्या चार जाती सांगता येतील.

पहिली जात म्हणजे कोणतेच वेगळे सॉफ्टवेअर न घेणे. विंडोजमध्येच ऑल्ट आणि टॅब या कळा एकत्र दाबल्या की एका खिडकीवरून दुसरीवर जाता येते. दोन पात्रांपुरते एवढे पुरते. ज्याला हा प्रकार आपल्याला मानवतो की नाही हेच ठाऊक नाही, त्याने इथूनच आरंभ करावा. यात खर्च नाही आणि धोकाही नाही.

दुसरी जात खिडक्या मांडणाऱ्यांची. असे सॉफ्टवेअर एक खिडकी मोठी व बाकीच्या लहान करून पडद्यावर नीट बसवते, आणि ठरलेली कळ दाबताच हवी ती खिडकी पुढे आणते. ते आपली कळ दुसऱ्या कुणाला पाठवत नाही. 'ईव्ह ऑनलाइन'च्या खेळाडूंत 'ईव्ह-ओ प्रिव्ह्यू' नावाचे असे साधन आहे. ते प्रत्येक जहाजाच्या खिडकीचे लहान चित्र दाखवते आणि चित्रावर टिचकी मारली की ती खिडकी समोर येते. 'आयएसबॉक्सर' हे सशुल्क सॉफ्टवेअर पुष्कळ खेळांत चालते व त्यात मांडणीच्या सोयी फार बारकाईच्या आहेत. मात्र त्यात तिसऱ्या जातीचेही गुण आहेत, म्हणून ते कसे वापरावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे लागते.

तिसरी जात प्रक्षेपकांची. तुम्ही एक कळ दाबता आणि हे सॉफ्टवेअर तिच्या प्रती काढून पाचही खिडक्यांना एकाच क्षणी पाठवते. एकाने तलवार उगारली की पाच तलवारी उगारल्या जातात. 'हॉटकीनेट' हे या कामासाठी एके काळी पुष्कळ वापरले गेलेले फुकट सॉफ्टवेअर. 'ऑटोहॉटकी' हे सर्वसाधारण कामाचे, कचेरीतही उपयोगी पडणारे साधन, पण आज्ञा लिहून त्याच्याकडूनही हे काम करवून घेता येते.

चौथी जात स्वयंचलित खेळगड्यांची. इथे माणूस खुर्चीत नसला तरी पात्रे चालत, लढत, धन गोळा करीत राहतात. ही जात बहुतेक साऱ्या खेळांत वर्ज्य आहे आणि तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. स्वतः न खेळता खेळ जिंकण्यात कसला आनंद, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

कळ कुणाची, हात कुणाचा?

खरा वाद आहे तो तिसऱ्या जातीविषयी, आणि तो आमच्या माडीवरच झाला. भाच्याच्या पोलादपूरच्या एका मित्राचे खाते कंपनीने बंद केले होते. कोणत्या खेळातले, ते सांगण्याची गरज नाही. अडीच वर्षांची मेहनत एका सकाळी नाहीशी झाली. तो प्रक्षेपक वापरीत होता. त्याचे म्हणणे एवढेच, की सगळेच वापरतात. आणि तेच सॉफ्टवेअर, त्याच मित्राने पूर्वी पेनड्राइव्हवर दिलेले, भाच्याच्या संगणकावर बसवून तयार होते. चालू करावयाचे तेवढे राहिले होते.

तो माझ्याकडे कंपनीचे नियम घेऊन आला. म्हणाला, "मामा, तुम्ही भाषेचे प्राध्यापक. या वाक्याचा नेमका अर्थ काय ते सांगा. इथे अनेक खाती चालवायला ना नाही म्हणतात, आणि पुढच्याच ओळीत मनाई करतात."

वाक्य गुंतागुंतीचे नव्हते, ते सावकाश वाचावयाचे होते. ब्लिझर्डने नोव्हेंबर २०२० मध्ये हा नियम जाहीर केला. त्याचा भावार्थ असा: एका माणसाने एकाच वेळी अनेक खाती खेळण्यास हरकत नाही, परंतु एकच आज्ञा सॉफ्टवेअरच्या साहाय्याने एकाच वेळी अनेक खात्यांकडे पाठवण्यास मनाई आहे. नियम मोडणाऱ्यास आधी ताकीद, मग निलंबन आणि शेवटी खाते कायमचे बंद. 'ईव्ह ऑनलाइन'ने असाच नियम १ जानेवारी २०१५ पासूनच लागू केला होता. त्या खेळात २०१६ पासून फुकट खेळण्याची सोय झाली, पण तिथेही अट आहे की फुकटचे खाते दुसऱ्या खात्याबरोबर एकाच वेळी चालवावयाचे नाही.

भाचा म्हणाला, "पण मामा, कळ तर मीच दाबतो ना? सॉफ्टवेअर फक्त पोचवतं. पोस्टमनसारखं."

मी म्हटले, "पोस्टमन एक पत्र एका घरी टाकतो. एका पत्राची पाच पत्रे करून पाच घरी टाकणारा पोस्टमन तू पाहिला आहेस?"

हसलो आम्ही दोघेही, पण एवढ्याने वाद मिटला नाही. मग मी त्याला बुद्धिबळाचा दाखला दिला. ऑगस्ट २०१० मध्ये हैदराबादेत गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली असता विश्वनाथन आनंद एकाच वेळी ४० जणांशी खेळले. त्यांतले ३९ डाव त्यांनी जिंकले आणि एका चौदा वर्षांच्या मुलाने बरोबरी साधली. चाळीस पटांवर एकच माणूस! तरी कुणी तक्रार केली नाही. का? कारण अशा सामन्यात खेळाडू एका पटापाशी उभा राहतो, पाहतो, विचार करतो, एक खेळी करतो आणि पुढच्या पटाकडे जातो. चाळीस खेळ्यांना चाळीस वेळा विचार पडतो. त्या चाळिसांनाही ठाऊक असते की आपल्या वाट्याला या माणसाच्या लक्षाचा चाळिसावा हिस्सा येणार आहे. हा सौदा उघड आहे. याच्या उलट, एकाने एक खेळी करावी आणि यंत्राने ती चाळीस पटांवर एकदम उमटवावी, तर समोरच्याला वाटेल की आपण माणसाशी खेळत नाही, छापखान्याशी खेळतो आहोत.

ऑनलाइन जगात हे 'समोरचे' डोळ्यांआड असतात, एवढाच फरक. एक माणूस वीस जहाजांना एका कळीने खाणकामाला लावतो, तेव्हा एका जहाजाने खणणाऱ्या साध्या खेळाडूच्या मालाचा भाव उतरतो. पाच योद्धे एकाच क्षणी एकावर तुटून पडतात, तेव्हा पाच मित्रांनी महिनोन्‌महिने सराव करून मिळवलेल्या एकसूत्रीपणाला किंमत उरत नाही. नियम कंपनीचा असला तरी त्यामागे शेजारधर्म आहे.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि समजा, पकडलंच नाही तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे दुसरे उत्तर होते. ते खेळाविषयी नव्हते, घराविषयी होते. जे सॉफ्टवेअर तुझी प्रत्येक कळ वाचून दुसरीकडे पाठवू शकते, ते तुझी प्रत्येक कळ वाचत असते. याच संगणकावरून तू आईच्या घरचे विजेचे बिल भरतोस. बँकेचा संकेतशब्दही याच कळांनी लिहितोस. पेनड्राइव्हवरून आलेली ही प्रत मूळ कर्त्याने केलेली आहे की मधल्या कुणी तिच्यात काही घुसडले आहे, हे तुला कसे कळणार?

दुकानात लोकांचे संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. त्याने त्याच रात्री विंडोज नव्याने बसवली आणि माझ्या फोनवरून साऱ्या खात्यांचे संकेतशब्द बदलले. पोलादपूरच्या मित्रालाही तसे करावयास सांगितले.

निवडीच्या कसोट्या

यावरून निवड करताना काय पाहावे ते सहज सांगता येईल. पहिली कसोटी, आपल्या खेळाचा आजचा नियम. तो खेळाच्या कंपनीच्याच शब्दांत वाचावा, मित्राच्या शब्दांत नव्हे; आणि नियम बदलत असतात म्हणून वर्षातून एकदोनदा पुन्हा वाचावा. मनाई केवळ सॉफ्टवेअरला आहे की कळांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रपेटीलाही, हेही पाहावे. एका खेळात चालते ते दुसऱ्यात चालेलच असे नाही.

दुसरी कसोटी, सॉफ्टवेअर कुठून आले. ते कर्त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावे. फोडलेली प्रत कधीही घेऊ नये. तिसरी, ते अजून सांभाळले जाते का. खेळ दर काही महिन्यांनी बदलतो आणि ज्या साधनाकडे कर्त्याने पाठ फिरवली आहे ते एक दिवस दगा देते. चौथी, त्यातली नको ती सोय बंद करता येते का. खिडक्या मांडण्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रक्षेपण असेल तर ते आधी बंद करावे आणि मगच खेळ उघडावा. पाचवी कसोटी घरगुती आहे. ते आपल्या गरजेपेक्षा मोठे तर नाही ना? दोन पात्रांसाठी सशुल्क सॉफ्टवेअर घेणे म्हणजे दोन माणसांच्या पिठल्यासाठी आचारी बोलावणे.

भाच्याने तीन खात्यांसाठी केवळ खिडक्या मांडणारे साधन घेतले आणि एका कळीला एकच खिडकी हा नेम ठेवला.

मांडणी अशी केली

आता प्रत्यक्ष मांडणी. ज्यांना यात रस नाही त्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल, पण घरात कुणी शिकाऊ सूत्रधार असेल तर त्याला वाचून दाखवावे.

आरंभ स्मृतीच्या हिशेबाने करावा. खेळाची एक खिडकी उघडावी आणि ती किती मेमरी खाते ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. संगणकात १६ जीबी असेल आणि एक खिडकी ४ जीबी घेत असेल, तर तीन खिडक्यांना १२ जाऊन ४ जीबी विंडोजसाठी उरतात. चौथी खिडकी उघडली तर सारेच अडखळू लागेल. मग पडद्याची वाटणी. नेहमीचा पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असतो. मुख्य खिडकी १४४० बाय ८१० ची करून वरच्या डाव्या कोपऱ्यात बसवली, की उजवीकडे ४८० बाय २७० च्या तीन लहान खिडक्या एकाखाली एक नेमक्या बसतात आणि खाली आणखी चारांना जागा राहते. या मापांची गंमत अशी की लहानमोठ्या साऱ्या खिडक्यांचे प्रमाण तेच राहते. त्यामुळे मोठ्या खिडकीत जे बटण उजव्या कोपऱ्यात दिसते ते लहान खिडकीतही तिथेच दिसते आणि डोळा शोधत बसत नाही. मागच्या खिडक्यांची चित्रगती कमी करण्याची सोय खेळातच असते. पुढची खिडकी सेकंदाला ६० चित्रे दाखवीत असेल तर मागच्यांना २० ते ३० पुरेत. त्यांची सजावटही, म्हणजे सावल्या, पाण्याचे तरंग वगैरे, उतरवून ठेवावी. आवाज फक्त पुढच्या खिडकीचा ठेवावा, नाहीतर तीन ठिकाणचे ढोल एकदम वाजतात आणि खालून मामी ओरडते.

मग कळा. खिडकी बदलण्यासाठी भाच्याने आधी एफ-१, एफ-२, एफ-३ योजल्या होत्या. पण वॉरक्राफ्टमध्ये मुळातच एफ-१ ते एफ-५ या कळा टोळीतल्या गड्यांना निवडण्यासाठी असतात. एकाच कळीवर दोन मालक आले की लढाईच्या ऐन वेळी घोळ होणार! म्हणून त्याने कीबोर्डच्या उजवीकडच्या अंककळा घेतल्या, आणि त्याही खेळात दुसऱ्या कामाला लावलेल्या नाहीत हे यादीत पाहून. तिन्ही पात्रांच्या कळांना अर्थ एकच दिला. १ म्हणजे नेहमीचा प्रहार किंवा उपचार, २ म्हणजे मोठा, ३ म्हणजे आणीबाणीचा. पात्र बदलले तरी बोटांची सवय बदलत नाही. खेळात दोन आज्ञा पूर्वीपासून आहेत, 'अमक्याच्या मागे चाल' आणि 'अमक्याने जो शत्रू धरला आहे तोच धर'. या दोन आज्ञा प्रत्येक पात्राच्या एकेका बटणावर बसवल्या की अर्धे काम झाले. पुढारी चालतो, बाकीचे मागून येतात. पुढारी लक्ष्य ठरवतो, बाकीचे तेच लक्ष्य घेतात. सारे झाल्यावर राजधानीतल्या सरावाच्या पुतळ्यावर आधी हात साफ करावा, मग सोपे भुयार, मग अवघड. आणि जमलेल्या मांडणीची एक प्रत पेनड्राइव्हवर व कळांची यादी वहीत ठेवावी.

दोन गोष्टी आमच्या भागाच्या. पावसाळ्यात महाड-पोलादपूरकडे वीज कधी डोळा मारील याचा नेम नसतो. वीज गेली की एकट्या खेळाडूचे एक पात्र मरते, सूत्रधाराची तिन्ही मरतात. म्हणून संगणकाला आणि इंटरनेटच्या पेटीला, दोघांनाही, यूपीएस हवा. आणि प्रत्येक खात्याला वेगळा संकेतशब्द व फोनवरची दुसरी पडताळणी. एका किल्लीने तीन कपाटे उघडत असतील तर चोराला एकच किल्ली पुरते.

पिंगुळीचा धडा

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात आणि चित्रकथी सांगतात. सावंतवाडीच्या संस्थानाचा त्यांना आश्रय होता. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या घराशी या कलेचे संग्रहालयही उभे केले आहे.

बाहुल्यांचा खेळ नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. राम बोलत असतो तेव्हा त्याची बाहुली हलते आणि रावणाची स्थिर असते. रावण बोलू लागला की राम थांबतो. दोघे एकदम सारखेच हलले तर कोण बोलतो हेच प्रेक्षकाला समजणार नाही. बाहुल्या अनेक असल्या तरी लक्ष एका वेळी एकीवर, आणि हातचलाखी आहे ती लक्ष किती लवकर, किती अलगद एकीवरून दुसरीवर नेता येते याची. स्थिर असलेली बाहुलीही लोंबकळत नसते. तिचा दोरा ताणलेलाच असतो.

हा धडा मी भाच्याला सांगितला तेव्हा त्याच्या खेळाची रीत बदलली असे तोच म्हणतो. प्रक्षेपकाने सारी पात्रे एकदम हलतात, पण त्यामुळे ती सारी एकच होतात. वैद्याला ढालकऱ्याच्या चालीने चालवून काय उपयोग? एकेक खिडकी पुढे आणून खेळताना मात्र प्रत्येकाचा धर्म वेगळा राहतो. ढालकऱ्याला शत्रूसमोर उभा करून सोडावयाचे, मग धनुर्धराचे दोन बाण, मग वैद्याकडे धावावयाचे, पुन्हा ढालकरी. यात वेग कमी आहे. पाच पात्रे अशी चालवणे त्याला झेपत नाही, तीन झेपतात. आपल्याला किती झेपते हे कळणे, हाही या खेळाचा एक लाभच म्हणावयाचा.

पात्रांची नावेही त्याने ठेवली आहेत. ढालकरी 'शेलारमामा', वैद्य 'आजी' आणि धनुर्धर 'किरात'. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यातलेच, तेव्हा शेलारमामा ओघानेच आला. हा शेलारमामा वारंवार मार खातो आणि आजी त्याला पुन्हा पुन्हा उभा करते. "मामांचं असंच असतं," असे भाच्याने मला सांगितले. मी काही बोललो नाही.

टोळीला उरलेले दोन गडी खरेच आहेत. एक पुण्याला नोकरी करणारा, आणि दुसरा तोच पोलादपूरचा मित्र, ज्याने नवे खाते काढून पहिल्या पायरीपासून आरंभ केला आहे. तिघांना शनिवारची रात्र जमते. बहिणीला मी हे सारे फोनवर सांगितले. तिने शेवटी एकच विचारले, "म्हणजे तो एकटा नसतो ना?" नसतो, म्हणून सांगितले.

आपल्या घरच्या सूत्रधाराला काय विचारावे, असे वाचक म्हणतील तर मी चार प्रश्न सुचवीन. खाती किती आणि वर्गणी कोण भरते? सॉफ्टवेअर कुठून आणले? कंपनीचा नियम तू स्वतः वाचला आहेस का? आणि टोळीतले बाकीचे कोण? हे प्रश्न रागाने विचारू नयेत. त्याच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची घेऊन, एक भुयार पुरे होईपर्यंत बसून विचारावेत. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो, आणि मध्ये बोललेले त्याला आवडत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.